चार बोटं खिडकी

मित्रांनो, आधी ओळख करून देतो, म्हणजे पुढं मध्येच थांबायला नको. मी रॉकेलवर चालणारा एक हीटर आहे. जुना. उंचीनं तुमच्या गुडघ्याच्या थोडा वर, पोटानं गोल, रंग एके काळी पांढरा, आता चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. पोटात टाकी, टाकीवर गोल वात, वातीभोवती जाळीचा पिंजरा. वात पेटली की पिंजरा तापून लाल होतो आणि खोली उबदार होते. माझं काम एवढंच. हे एवढंसं काम करता करता मी एकदा एका मुलीचा आणि तिच्या पोटातल्या बाळाचा जीव घ्यायला निघालो होतो. मला ती गोष्ट सांगायची आहे. माझं बाकीचं आयुष्य तिच्या आगेमागे येईल तसं येईल.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका देशातल्या कारखान्यात झाला. तिथल्या एका माणसानं मला पेटवून पाहिलं, ज्योत सरळ आणि बुडाशी निळी आहे हे बघून मान हलवली आणि माझ्या पाठीवर एक चित्र चिकटवलं. चित्रात एक खिडकी होती, थोडीशी उघडी, आणि तिच्यातून आत शिरणारा एक निळा बाण. खाली त्यांच्या लिपीत चार ओळी. मग पेंढा, खोकं, जहाज, आणि कितीतरी आठवडे अंधार. खोकं उघडलं ते चिलीच्या दक्षिणेला, पुएर्तो कोइवे नावाच्या बंदरात. तिथल्या नगरपालिकेच्या कचेरीत माझी नेमणूक झाली होती.

कचेरी लाकडी इमारतीत, वरच्या मजल्यावर. एक खोली, शेजारी दप्तरखाना, बाहेर छपराखाली सज्जा आणि सज्ज्यातून खाली अंगणात उतरणारा जिना. समोर खाडी. आजूबाजूच्या बेटांवरचे लोक बोटीनं यायचे, गुरांचे दाखले न्यायचे, होड्यांचे परवाने न्यायचे, आणि नेईपर्यंत माझ्याभोवती बसून राहायचे. जून-जुलै म्हणजे आमचा ऐन हिवाळा. पाऊस असा, की लोक त्याच्याबद्दल बोलायचंही सोडून देतात.

मी आलो त्या दिवशी मुख्य कारकून दोन्या इर्मा ओयार्सो (इथं बाईमाणसाला मानानं दोन्या म्हणतात, पुरुषाला दॉन) यांनी चष्मा लावून माझ्या पाठीवरचं चित्र नीट पाहिलं.

"बघा," त्या म्हणाल्या, "परदेशातली माणसंसुद्धा हेच सांगतायत. खिडकीतून झोत आत आला की संपलं. खिडक्या बंद ठेवा!"

अहो, नव्हतं तसं! चित्र बरोबर उलटं सांगत होतं. पण त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ह्या गावातली माणसं वादळाला भीत नाहीत. भूकंप झाला तर हातातला कप तेवढा धरून ठेवतात. भितात ती एकाच गोष्टीला, फटीतून येणाऱ्या वाऱ्याच्या झोताला. मान धरली, झोत लागला. दात दुखला, झोत लागला. कुणाचा नवरा घर सोडून पळाला तरी शेजारीण आधी विचारेल, दार उघडं राहिलं होतं का? अशा माणसांना तो निळा बाण दाखवला तर ती दुसरं काय समजणार?

मला तोंड नव्हतं. चित्र माझ्या पाठीवर होतं आणि पाठ भिंतीकडे.

तरी मित्रांनो, माझी ती वर्षं फार सुखाची गेली. रोज सकाळी वाल्दो मला बाहेर सज्ज्यात नेऊन पेटवायचा. वाल्दो म्हणजे टंकलेखक, गावातला सगळ्यात गप्पिष्ट माणूस. पेटताना मी रॉकेलचा घाण वास सोडतो, म्हणून तो दहा मिनिटं बाहेरच, आणि वास गेला की फडक्यानं कड्या धरून मला उचलून आत. विझवायचंही बाहेरच. माझ्या डोक्यावर किटली बसायची. किटलीशेजारी संत्र्याची साल, खोलीला चांगला वास यावा म्हणून. बेटांवरच्या बायका ओले मोजे माझ्यापुढं धरायच्या. एक आजी तर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "माझ्या दोन्ही नवऱ्यांपेक्षा हा बरा. गरम असतो आणि बोलत नाही."

आणि एक रीत होती. कुणीही बाहेरून आत आलं की खोलीतले सगळेजण, मान वर न करता, एका सुरात ओरडायचे, "दार!" येणारा मुकाट मागं वळून दार लावायचा. एकदा स्वतः बिशप आले होते. "दार!" बिशपांनी लावलं.

ह्या सुखात खडा एकच. दॉन सेगुंदो बारिया. हे नोंदवह्या सांभाळायचे. तरुणपणी पार दक्षिणेच्या कुरणांवर दुसऱ्यांच्या मेंढ्या राखलेला माणूस. थंडी त्यांना घरातल्यासारखी. सगळे लोकरीत गुंडाळलेले असताना हे बाह्या दुमडून बसायचे, आणि तासातासाला उठून आपल्यामागची खिडकी उघडायचे. जास्त नाही. चार बोटं. बोटं लावून मोजायचे आणि फटीत एक लाकडी खुंटी अडकवायचे.

"दॉन सेगुंदो, खिडकी!"

"चारच बोटं आहे."

"तुमची चार बोटं म्हणजे माझा अख्खा हात!"

"पाव भाजायचेत का इथं? पीठ कुठं ठेवलंय तेवढं सांगा."

"मलाही पन्नाशीला असंच गरम व्हायचं," दोन्या इर्मा शांतपणे म्हणायच्या. "डॉक्टरीणबाईंना दाखवून या एकदा. लाजायचं काय त्यात?"

वाल्दो टेबलावर डोकं ठेवून हसायचा. दॉन सेगुंदो पाणी प्यायला उठले की दोन्या इर्मा खुंटी काढायच्या. ते परत आले की लावायचे. दिवसातून पाच-सहा वेळा. खरं सांगू का? मी दोन्या इर्मांच्या बाजूचा होतो. मी इथं जीव जाळतोय आणि हा माणूस माझी ऊब खाडीला वाटतोय, असं मला वाटायचं. माझ्या अंगाला जळायला जी ताजी हवा लागते, ती त्या चार बोटांतून येते, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कौतुक करणारा जवळचा वाटतो आणि कुरकुरणारा परका. हीटर झाला म्हणून काय झालं.

आता यास्नाबद्दल. यास्ना कार्कामो, बेटावरची मुलगी, कचेरीत लोकांचे अर्ज घ्यायची. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, नवरा मासेमारीच्या बोटीवर. स्वभाव असा, की भांडण कुणाचंही असो, दुपारी चार वाजता दॉन सेगुंदोंच्या टेबलावर तीन चमचे साखरेचा चहा नेऊन ठेवणार. एक शब्द न बोलता. मी सांगतोय त्या हिवाळ्यात तिला सातवा महिना होता. तिचे पाय कायम गार पडायचे. बूट काढून ती तळवे माझ्या पुढ्यात धरायची आणि पोटाशी काहीतरी पुटपुटायची.

जुलैच्या पहिल्या सोमवारी गावात दव गोठलं. दोन्या इर्मांनी यास्नाच्या पायाला हात लावून पाहिला आणि उभ्या राहिल्या.

"बर्फ झालेत पोरीचे पाय. दोन जिवांची आहे ती. आता हे खिडकीचं नाटक बंद."

"मग तिला माझे मोजे द्या," दॉन सेगुंदो म्हणाले. "खिडकीनं काय घोडं मारलंय?"

"मतं घेऊ. लोकशाही आहे."

"खोली बंद करावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर," वाल्दो म्हणाला आणि स्वतः दोन्ही हात वर केले.

दोन्या इर्मांचा हात वर गेला. यास्नानं दॉन सेगुंदोंकडे पाहिलं, आपल्या पायांकडे पाहिलं, आणि हळूच, कोपरापर्यंतच, हात उचलला.

वाल्दोनं त्याच दुपारी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या. तिन्ही खिडक्यांच्या कडेनं, फळ्यांच्या सांध्यांवर, दाराच्या चौकटीलासुद्धा त्या पट्ट्या चिकटल्या. कुणी कुचराई केली नाही. इतकं प्रेमानं केलेलं काम मी त्या कचेरीत दुसरं पाहिलं नाही.

दॉन सेगुंदोंनी आपलं टेबल उचललं आणि दप्तरखान्यात नेऊन ठेवलं. तिथं शेगडी नाही, हीटर नाही, नुसती कपाटं.

"मी ह्या भट्टीत पाऊल टाकणार नाही," ते दारातून म्हणाले. "मेलो तर तिकडंच ठेवा मला. गारव्यात टिकेन."

"दार!" तिघं ओरडले.

मंगळवार गेला, बुधवार गेला. काही झालं नाही. झालं नाही, कारण बेटांवरचे लोक येत होते, जात होते, आणि दर वेळी दार उघडलं की मी हवेचा एक घोट घेत होतो. माझी वात मात्र काजळीनं जड झाली होती. वाल्दोनं ती महिन्यातून एकदा साफ करायची असं ठरलं होतं. त्या हिवाळ्यात त्याला एकदाही वेळ झाला नव्हता. बोलायचं खूप होतं त्याला.

गुरुवारी वादळ आलं. बंदर बंद झालं. एकाही बोटीला निघायची परवानगी नाही. बोट नाही म्हणजे माणूस नाही, माणूस नाही म्हणजे दार नाही. दोन्या इर्मांनी दाराच्या फटीशी घोंगडीची गुंडाळी ठेवली. वाल्दो वादळात सज्ज्यात थांबला नाही, मला लगेच आत घेऊन आला. सकाळभर सगळे खुशीत होते. दोन्या इर्मांनी घरून सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या पुऱ्या, तळून आणल्या होत्या. बाहेर गारा पत्र्यावर आपटत होत्या आणि आत कुणी स्वेटरसुद्धा घातला नव्हता.

"आता म्हणा भट्टी!" वाल्दो भिंतीकडे तोंड करून ओरडला. पलीकडून दॉन सेगुंदोंचा खोकला तेवढा आला.

जेवणानंतर मला पहिल्यांदा कळलं. माझी ज्योत आखडायला लागली होती. बुडाची निळाई गेली, कडा पिवळ्या झाल्या, टोकं लवलवत राहिली. मला हवा हवी होती आणि खोलीत ती उरली नव्हती. मित्रांनो, हवा कमी पडली की माझ्यासारख्याच्या पोटात एक विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही. त्याला वास नाही. खोलीत वास होता तो संत्र्याच्या सालीचा.

"माझं डोकं चढलंय," यास्ना म्हणाली.

"वादळाचं आहे," दोन्या इर्मा म्हणाल्या. "माझंही ठणकतंय. हवा उतरली की असंच होतं. साखर घालून चहा घे."

यास्नानं चहा घेतला. थोड्या वेळानं तिला मळमळलं. तिनं खांदे आवळून घेतले.

"थंडी वाजतेय का, पोरी?"

"काय होतंय कळत नाही. गळून गेल्यासारखं वाटतंय."

"थंडी शिरलीय अंगात." दोन्या इर्मा उठल्या. उठताना त्यांचा हात टेबलावर सटकला. त्यांनी फडकं घेऊन मला दोन्ही कड्यांना धरलं आणि ओढत ओढत यास्नाच्या पायांशी आणून ठेवलं. "आता बघ. आता बरं वाटेल."

मी ओरडलो असतो, मला तोंड असतं तर. मी एवढंच करू शकत होतो, की ज्योत आणखी पिवळी, आणखी वेडीवाकडी करायची. ते मी केलं. कुणी बघायचं? सगळे माझ्याकडे हात करून बसले होते, डोळे मिटून.

"हा जाड्या मंद झालाय," वाल्दो जांभई देत म्हणाला. जाड्या म्हणजे मी. त्यानं वाकून माझी कळ फिरवली आणि वात वर चढवली. म्हणजे विष दुप्पट. मग तो आपल्या खुर्चीवर गेला आणि यंत्रावर हात ठेवून तसाच बसला. वाल्दो गप्प झाला. ह्या माणसाला मी अकरा वर्षांत गप्प पाहिलं नव्हतं.

"दोन्या इर्मा," यास्ना हळू म्हणाली, "सकाळपासून नाचत होतं. आता हलत नाहीये."

"झोपलं असेल. ऊब आहे ना." दोन्या इर्मांनी डोकं हातावर टेकवलं. "तूही पड जरा."

साडेतीनला फोन वाजला. तिघांपैकी कुणी हललं नाही. फोन वाजत राहिला. भिंतीपलीकडून आवाज आला, "फोन उचला की कुणीतरी! का तेवढ्यासाठी पण मतं घ्यायचीत?"

कुणी उत्तर दिलं नाही. पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी वाट बघत होतो. फोन थांबला. आणि खुर्ची पुन्हा सरकली, जागेवर. ते बसले. मित्रांनो, ते परत बसले. त्यांना वाटलं, आपल्याला चिडवायला मुद्दाम गप्प बसलेत.

यास्नाचं डोकं खुर्चीच्या पाठीवरून एका बाजूला कलंडलं. गाल छान गुलाबी दिसत होते. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, किती गाढ झोपलीय पोर.

चार वाजले. चार वाजून गेले. दप्तरखान्यात चहा पोचला नाही.

आता दॉन सेगुंदोंच्या मनात काय चाललं असेल ते मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकलं. आधी त्यांना राग आला. मग वाईट वाटलं, की पोरगीसुद्धा त्यांच्यातलीच झाली. मग वाटलं, यास्ना? यास्ना विसरणार नाही. तरी सव्वाचार वाजेपर्यंत ते शपथ धरून बसले होते. शेवटी उठले, सज्ज्यातून आमच्या दाराशी आले. दार ढकललं. घोंगडी अडली, त्यांनी खांदा लावला, दार सताड उघडलं आणि वारा गारांसकट आत घुसला.

ते उंबऱ्यात उभे राहिले आणि वाट बघत राहिले. त्या खोलीत आजवर एकही माणूस असा शिरला नव्हता ज्याच्यावर कुणी ओरडलं नाही.

"दार उघडं आहे," ते म्हणाले.

कुणी काही बोललं नाही.

"अहो, ओरडा की! दार उघडं आहे!"

आणि मग त्यांना दिसलं. त्यांनी टेबलावरचं शिक्क्याचं लोखंडी यंत्र उचलून समोरच्या खिडकीवर मारलं, मग दुसऱ्या खिडकीवर. काच, वर्तमानपत्र, खळ, सगळं बाहेर उडालं. यास्नाच्या काखेत हात घालून त्यांनी तिला खुर्चीसकट ओढत सज्ज्यात नेलं, गारांत. मग दोन्या इर्मांना. वाल्दो वाऱ्यानं जरा जागा झाला होता. तो चारी हातापायांवर रांगत बाहेर आला आणि कठड्याशी ओकला.

मग ते माझ्याकडे वळले. कळ फिरवून मला विझवलं, पण पिंजरा लाल होता आणि आजूबाजूला कागद उडत होते. मला लाथ मारून जिन्यावरून ढकललं असतं तर रॉकेल सांडून इमारत पेटली असती. त्यांनी मला उघड्या हातांनी उचललं. चौदा पायऱ्या. माझ्या कड्यांवर त्यांच्या तळहातांचं कातडं राहिलं. अंगणात मला खाली ठेवलं तेव्हा ते पहिल्यांदा विव्हळले, आणि तसेच परत वर धावले.

गावातल्या दवाखान्यात ऑक्सिजनचं एकच नळकांडं होतं. ते यास्नाला लावलं. मोठं इस्पितळ खाडीपलीकडं, आणि बंदर बंद. बंदराचा अधिकारी स्वतः धक्क्यावर आला. मासेमारीच्या एका बोटीला त्यानं परवानगी दिली. मी अंगणात पाऊस झेलत होतो. मला इंजिनाचा आवाज ऐकू आला, जाताना. मग नुसता वारा.

यास्ना वाचली. दोन दिवसांनी तिनं डोळे उघडून आपल्या आईला ओळखलं. बाळाचे ठोके लागत होते, पण डॉक्टर त्यापुढं काही बोलेनात. जन्मल्यावर कळेल, एवढंच. बाळ सप्टेंबरात व्हायचं होतं. दोन महिने कचेरीत कुणी बाळ हा शब्द उच्चारला नाही. मला कसं कळलं? मी जिन्याखालीच पडलेला होतो. येणारेजाणारे माझ्या डोक्यावरून बोलत जायचे आणि आवाज कुठं दाबतात तेही कळायचं.

अग्निशमन दलातला एक माणूस मला तपासायला आला. त्यानं मला फिरवलं, पाठीवरचं चित्र बघितलं.

"हे बघितलं नाहीत का, दोन्या इर्मा? बाण आत येतोय. हवा आत येऊ द्या म्हणतोय."

दोन्या इर्मांनी चष्मा लावून चित्र पुन्हा पाहिलं. तो गेल्यावर त्या एकट्याच माझ्यासमोर उभ्या राहिल्या, छत्री न उघडता.

"मी सरकवलं तुला तिच्याकडं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातांनी."

मला त्यांना सांगायचं होतं, की त्या हातांमध्ये वाईट काही नव्हतं. पण बाळाचं काही कळलं नव्हतं तोवर ते सांगण्यात तरी काय अर्थ होता?

मी गंजत गेलो. माझ्या डोक्यावर कोंबडी बसायला लागली. मला भंगारात द्यायचं ठरलं, आणि दॉन सेगुंदो, हातांना पट्ट्या, जिन्यावरून गरजले. त्यांचा माझ्यावर जीव होता म्हणून नव्हे. मी त्यांना कधीच आवडलो नाही.

"त्याला कशाला शिक्षा? वात त्यानं स्वतः साफ करायची होती का? खळ त्यानं शिजवली होती?"

वाल्दो खाली बघत उभा राहिला. त्या शनिवारी तो मला घरी घेऊन गेला आणि पिंजऱ्याचं एकेक भोक सुईनं साफ करत बसला. नवी वात घातली आणि मला कचेरीत परत आणून ठेवलं. काही बोलला नाही. कचेरीत एका खिडकीची वरची काच काढून तिथं तारेची जाळी ठोकली, कुणालाच बंद करता येऊ नये म्हणून. दॉन सेगुंदोंचं टेबल परत आलं.

सप्टेंबरच्या अठराव्या तारखेला, सगळा देश सणाची सुट्टी साजरी करत असताना, आमची मंडळी कचेरीखालच्या अंगणात जमली होती, तिथं धक्क्यावरून एकजण ओरडत आला. मुलगी! सगळ्यांनी एकदम विचारलं, कशी आहे? रडली का?

"सुईण कानात बोटं घालून उभी होती म्हणे!"

वाल्दोला पुन्हा वाचा फुटली ती त्या दिवशी.

मुलीचं सगळं नीट होतं. डॉक्टरांनी तिला तीनदा तपासलं. पण माझी गोष्ट इथं संपत नाही, कारण पुढच्या वर्षी मे महिन्यात यास्ना कामावर परतली. सकाळी गारठा होता, माझी टाकी भरलेली होती, वाल्दो काड्यापेटी घेऊन आला होता. जिन्यावर तिची पावलं वाजली. ती दारापर्यंत आली आणि थांबली. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. तिनं माझ्याकडे पाहिलं. दाराच्या चौकटीवर तिच्या बोटांची नखं पांढरी झाली. दार सताड उघडं होतं, आणि कुणी ओरडलं नाही.

दोन्या इर्मांनी वाल्दोच्या हातातली काड्यापेटी काढून घेतली आणि आपल्या खणात टाकली. मग सगळे कामाला लागले. तासभर गेला. यास्ना सज्ज्यातल्या बाकावर बसली होती, पर्स मांडीवर धरून. आत दोन्या इर्मा हातमोजे घालून सह्या करत होत्या. वाल्दोचे ओठ जांभळे पडले होते. खोलीत सुखी माणूस एकच होता. दॉन सेगुंदो बाह्या दुमडून बसले होते आणि गुणगुणत होते.

बेटावरून आलेला एक म्हातारा आत डोकावला. "काय हो, कुणी गेलं का? विस्तव का नाही?"

"आज गरम होतंय जरा," दोन्या इर्मा म्हणाल्या. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"मला तर घाम फुटलाय," वाल्दो दात वाजवत म्हणाला.

म्हाताऱ्यानं दोघांकडे पाहिलं, टोपी आणखी खाली ओढली आणि निमूट बाकावर यास्नाशेजारी जाऊन बसला. सज्ज्यात कुणीतरी हसल्याचा आवाज आला. मग रडल्याचा. दुपारी यास्ना उठली, आत आली, आपल्या खुर्चीवर बसली, कोट न काढता, आणि म्हाताऱ्याचा अर्ज मागितला.

तो सबंध दिवस मी पेटलो नाही. अकरा हिवाळे मी त्या माणसांना ऊब दिली, पण त्या दिवशी खोलीत जे होतं ते माझ्याकडून आलेलं नव्हतं.

मित्रांनो, मी म्हातारा झालोय, चार गोष्टी सांगायचा मला हक्क आहे. माझ्यासारख्याची वात वेळेवर साफ करा. खोलीत कुणाला एकट्यालाच गरम होत असेल, कुणाचं एकट्याचंच डोकं दुखत असेल, तर त्याची थट्टा करण्याआधी एकदा उठून बघा. आणि तुमच्यातलं कुणी दारात थांबलं, आत यायचा धीर होत नसला, तर त्याला हाताला धरून उबेत ओढू नका. त्याच्याबरोबर थोडा वेळ गारठ्यात बसा. बसता येतं. मी पाहिलंय.